शेवंतीपुढच्या दोन रेघा

फेब्रुवारी संपत आला की माझं कशातच लक्ष लागत नाही. सकाळी स्वेटर घालून निघावं आणि अकराला तोच स्वेटर नकोसा व्हावा, असे हे दिवस. रस्त्यावर द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. पिंपळगावकडे जाणारे टेम्पो रिकामे क्रेट खडखडवत जातात. आणि ज्यांच्या दारात एक वेलसुद्धा नाही तेही संध्याकाळी गच्चीवर येऊन ढगांकडे बघतात. गारा पडतील का? माझा नवरा बँकेत आहे, त्याचा बागेशी काडीचा संबंध नाही, पण या दिवसांत त्याच्याही चेहऱ्यावर बागाईतदाराची काळजी दिसते. मी म्हणते, "अरे, तुझं काय जाणारे?" तो म्हणतो, "आणि तुझं काय जातंय? तू का येरझाऱ्या घालतेस?"

माझं काय जातंय ते मी त्याला कधी सांगितलं नाही. सहा वर्षं झाली आता.

आमचं कॉलेज विशेष शाळांसाठी शिक्षक तयार करतं. पदवी झालेल्या मुली येतात, काही नाशिकच्या, काही निफाड-सिन्नरच्या, दोघी-चौघी मनमाडहून, आणि वर्षभर मतिमंदत्वावर वह्या भरतात. तेव्हा हाच शब्द होता, कागदावरही आणि तोंडातही. फेब्रुवारी-मार्चात प्रात्यक्षिक परीक्षा. त्यासाठी प्रत्येकीला एक 'केस' लागते. केस म्हणजे माणूस, बरं का. जवळच एक कार्यशाळा होती, तिथे मोठ्या वयाची मतिमंद माणसं मेणबत्त्या आणि फायली करायची. तिथून आम्ही माणसं बोलवायचो. मग व्हरांड्यात ऐकू यायचं, "मॅडम, माझी केस रडतेय." "मॅडम, माझ्या केसनं चहा सांडला." मीही तसंच बोलायचे. जिभेला एकदा वळण पडलं की काही टोचत नाही.

शालन आमची सगळ्यांत लाडकी केस. मखमलाबादकडच्या माळ्याची मुलगी, तेव्हा तिशीची. शाळा तिसरीत सुटलेली. वाचता येत नाही, दहाच्या पुढे मोजता येत नाही, बस नेहमीच्या थांब्यावर थांबली नाही तर जागच्या जागी रडू फुटतं. पण मेथीची जुडी अशी बांधायची की एक काडी बाहेर नाही. परीक्षेच्या दिवशी आईबरोबर यायची, इस्त्रीची साडी, डोक्यात गजरा, पायात ठेवणीतल्या चपला. नव्वदचं दशक सरताना सलग पाच वर्षं ती अशी आली. कधी चिडली नाही, कधी उठून गेली नाही, आणि पंचवीसेक मुली तिच्या जिवावर पास झाल्या.

आमच्याकडे चाचणीची एक लाकडी पेटी असते. तिच्यात लाल-पांढरे ठोकळे. कार्डावरची नक्षी बघून तशीच मांडायची. शालनला कधी म्हणजे कधी जमायची नाही. एक छत्रीचं चित्र असतं, तिला दांडा नसतो, काय राहिलंय ते ओळखायचं. शालन दर वर्षी म्हणायची, "काय बी नाय राहिलं. चांगली हाय." हवं तेच उत्तर मिळालं म्हणून मुली खूश होऊन वहीत शून्य लिहायच्या. त्या पाचव्या वर्षी परीक्षा संपली, सगळे गेले, मी गुणपत्रकांशी झटापट करत बसले होते. शालन मला मदत म्हणून ठोकळे पेटीत भरत होती. भरता भरता तिनं नक्षी मांडली. सगळ्यांत अवघड होती ती. एका दमात मांडली, मोडली आणि पेटीत टाकली.

"शालन!" मी ओरडलेच. "मघाशी का नाही जमलं हे?"

"मघाशी परीक्षा हुती ना, ताई."

"मग?"

"बरोबर लावलं तर त्या पोरीचं चुकंल ना." तिनं छत्रीचं चित्र उचलून मला दाखवलं. "याला दांडा नाय. लय दिवसांपासनं ठावं हाय मला."

मी हसले. अक्षरशः डोळ्यांत पाणी येईतो हसले. आणि घरी जाताना, रिक्षा गंगापूर रोडला लागली तेव्हा, हसू कुठल्या कुठे गेलं. पाच वर्षांच्या फायली, सगळ्यांवर माझी सही. शालनला काही अडचणी नव्हत्याच असं मुळीच नाही, होत्या आणि खऱ्याच होत्या. पण आमच्या फायलीतली शालन तिनं स्वतः आमच्यासाठी बेतून दिलेली होती. आमच्या मुली नापास होऊ नयेत म्हणून ती बिचारी दर फेब्रुवारीत चुकत होती, आणि आम्ही शिकल्यासवरल्या बायका उंटावरून शेळ्या हाकत होतो. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले.

तिची आई ओट्यावर गवार निवडत होती. मी म्हटलं, शालनला कॉलेजात शिकवायला पाठवा. आई म्हणाली, "ताई, थट्टा करता का गरिबाची? तिलाच काय येत नाय, ती काय शिकवनार?"

आतून शालनचा आवाज आला, "पोरींचं काय चुकतं ते मला येतं."

आमचे प्राचार्य सर भला माणूस. भल्या माणसासारखेच घाबरट. "देवरे मॅडम," ते मला म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" पण परवानगी दिली. पुढच्या वर्षाच्या तुकडीला, गुरुवारचा तिसरा तास. वेळापत्रकात शालनचं नाव मात्र नको, 'साहाय्य' एवढंच लिहा. तेव्हा मला तेही फार वाटलं होतं. आज वाटतं, तिथेच भांडायला हवं होतं.

पहिल्या तासाला शालन फळ्यापाशी उभी राहिली आणि पाच मिनिटं बोललीच नाही. मुली एकमेकींना कोपर मारायला लागल्या. मग ती म्हणाली, "तुमी आधी माझं नाव इचारता. मग समदं आईला इचारता. मी हितंच बसलेली असती." आणि तिनं पुढच्या बाकावरची एक मुलगी उठवून खुर्चीत बसवली, शेजारी दुसरी बसवली आणि त्या दुसरीला विचारायला लागली, "ही जेवती का नीट? हिला अंघोळ कोन घालतं? ही मारती का कुनाला?" खुर्चीतल्या मुलीचे कान लाल झाले. वर्गात हसू उसळलं आणि आपोआप विरलं. मी मागच्या बाकावर बसून टिपणं काढत होते. हाताला सवय, दुसरं काय.

पुढच्या गुरुवारी ती पिशवीभर मेथी घेऊन आली. म्हणाली, आमच्यातल्याला काही विचारलं की लगेच दुसरं विचारायचं नाही, आईकडे बघायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही. एक जुडी बांधायची. जुडी बांधून झाली की मग तोंड उघडायचं. पदव्या घेतलेल्या वीस मुली मेथीच्या काड्या घेऊन बसल्या. तेवढा वेळ गप्प बसणं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी कळलं, मलासुद्धा. पंख्याची कुरकुर ऐकू येत होती, बाहेर कुणी सायकलची घंटी वाजवली तीही. थांबणं ही कृती असते, असं मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं. शालननं ते हातात दिलं. त्या खोलीला पुढे दोन दिवस मेथीचा वास येत होता आणि इंग्रजीच्या सरांनी तक्रार केली.

त्या दिवसांतली मी आठवते आणि माझाच मला हेवा वाटतो. काय उत्साह होता! परीक्षा पुन्हा जवळ आली होती, काटेसावर फुलली होती. कॉलेजच्या मागच्या बागेत मजूर बायका घड उतरवायच्या, त्यांची गाणी नाही, भांडणंच ऐकू यायची आणि तीही गोड वाटायची. मी ठरवलं, शालननं नुसतं शिकवायचं नाही, मार्कही द्यायचे. प्रात्यक्षिकात दहा गुण 'संवादा'चे असतात, ते शालनचे. शिक्षक म्हणायचं आणि गुण आपल्या खिशात ठेवायचे, याला काही अर्थ नाही. असं मी स्टाफरूममध्ये ठणकावून सांगितलं. हो, ठणकावून. मीच.

शालनला नावं वाचता येत नाहीत, म्हणून प्रत्येक मुलीला मी एक चित्र दिलं. कुणी झेंडू, कुणी वांगं, कुणी पेरू. त्यापुढे शालननं रेघा मारायच्या, एक रेघ म्हणजे एक मार्क. तिला मी जाड निळं स्केचपेन आणून दिलं. शालननं ते पेन आठवडाभर पदराच्या गाठीत बांधून ठेवलं होतं. तिची आई सांगत होती, रोज उठून आरशात बघते आणि म्हणते, मी मार्क देनार हाय.

वृषालीला शेवंती होती. मनमाडची मुलगी, वडील रेल्वेत, आमच्या वर्गात पहिली. गुणी, नेटकी, वहीला कव्हर, पेनला टोपण. तिच्यासमोर कार्यशाळेतली सुमन होती, चाळिशीची, फार हळू बोलणारी. वृषालीनं छान विचारलं, "सुमनताई, तुम्हाला काय आवडतं?" सुमनचे ओठ हलायला लागले. वृषालीनं घड्याळाकडे पाहिलं. मग सुमनच्या आईकडे वळून म्हणाली, "काय आवडतं हो यांना?" आई म्हणाली, "टीव्ही." वृषालीनं टीव्ही लिहिलं. सुमन तेवढ्यात "झो" पर्यंत पोचली होती. झोपाळा असेल, झोप असेल, कोण जाणे. तिनं तोंड मिटून घेतलं.

शालननं शेवंतीपुढे दोन रेघा मारल्या.

"दोनच?" मी हळूच विचारलं.

"एक येळेवर आली म्हनून. एक नाव नीट इचारलं म्हनून." आणि पेनाला टोपण लावलं.

दुपारी प्राचार्य सरांनी बोलावलं. पत्रक समोर होतं. त्या दोन मार्कांनी वृषालीचं विशेष प्रावीण्य जात होतं आणि मनमाडच्या एका संस्थेत ठरत आलेली नोकरी त्यावर अडलेली होती. "एका न वाचता येणाऱ्या बाईच्या रेघांवर मुलीचं आयुष्य टांगायचं का?" सर म्हणाले. "विद्यापीठानं विचारलं तर मी काय सांगू?" मी वाद घातला. घातला, पण किती? पाच मिनिटं. मग सर म्हणाले, "बघा तुम्ही." आमच्याकडे 'बघा' म्हणजे काय ते शिपायापासून सगळ्यांना कळतं.

मी बघितलं. परीक्षा विभागाच्या खोलीत एकटी बसले, तसंच निळं स्केचपेन घेतलं आणि शेवंतीपुढे सहा रेघा वाढवल्या. शालनच्या रेघा खाली येताना उजवीकडे झुकतात. मी माझ्या रेघाही झुकवल्या. आधी रद्दी कागदावर सराव केला. हे लिहितानाही लाज वाटते, पण केला. बाहेर वारा सुटला होता, धूळ उडत होती, बागेत कुणीतरी ओरडत होतं की आभाळ आलंय, घड झाका. मी आठ रेघा मोजल्या आणि पत्रक फायलीत लावलं.

दोन दिवसांनी शालन आली आणि म्हणाली, माझं पत्रक बघू. कौतुकानं बघायचं होतं तिला. मला नाही म्हणता आलं नाही. ती एकेका फुलावर बोट ठेवत खाली आली. शेवंतीपाशी थांबली.

"या रेघा माझ्या नाय."

"तुझ्याच आहेत गं."

"माझ्या दोन हाय. या माझ्या नाय."

"असं कसं, शालन? तूच तर मारल्यास. विसरलीस तू."

तिनं पत्रकाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. "मग आसतील," ती म्हणाली.

मार्क बदलण्याचं मी एक वेळ स्वतःला समजावलं असतं. मुलीची नोकरी, सरांचा दबाव, कॉलेजची मान्यता, कारणं काय, ढिगानं मिळतात. पण ज्या बाईला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलं की तुला कळत नाही, तिला ज्या एका गोष्टीत पक्कं कळलं होतं त्याच गोष्टीत मी सांगितलं, तुला कळत नाही. आणि हे सांगताना माझा आवाज गोड होता. हा गोड आवाज माझ्या कानात दर फेब्रुवारीत येतो. मेल्या आवाजाला दुसरे महिने मिळत नाहीत.

शालन यायची थांबली नाही. गुरुवार तिनं चुकवला नाही, मेथी चुकवली नाही. माझ्याशी नीट वागायची, पेरू आणायची, माझ्या मुलीची चौकशी करायची. फक्त पुढच्या वर्षी मी पत्रक पुढे केलं तर तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "तुमचं तुमी घाला, ताई." त्याच्या पुढच्या वर्षी तेच. त्याच्याही पुढच्या. प्राचार्य सर निवृत्त झाले, नवे आले, ते तर चांगले उत्साही. वेळापत्रकात शालनचं नाव आलं. पाहुणे आले की तिला बोलावून फोटो काढतात. ती फोटोत उभी राहते आणि हात पदराखाली असतात.

गेल्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. पत्रक ठेवलं, हात गेले. तिच्या कानापाशी केस पांढरे झालेत, ते दिसले. आणि मला एकदम असं झालं की बास. आता नाही सांगितलं तर कधीच नाही. रविवारी सकाळी मखमलाबादला गेले. आई थकली आहे, घरात असते. शालन वाफ्याच्या कडेला बसून मेथी बांधत होती. ऊन अजून कोवळं होतं आणि पाटाचं पाणी सोडलेलं होतं, पायाला गार लागत होतं. मी तिच्याशेजारी बांधावर बसले आणि सगळं सांगितलं. सहा रेघा, सराव, रद्दी कागद, सगळं.

तिनं जुडी बांधायला घेतली. मी थांबले. एवढं तरी तिच्याकडून शिकले होते.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"मग तेव्हा 'आसतील' का म्हणालीस?"

"तुमी रडाया आला हुता, ताई."

मी खरंच रडले मग. बांधावर बसून, पन्नाशीची बाई. तिनं दुसरी जुडी घेतली, मला रडू दिलं, आणि जुडी झाल्यावर म्हणाली, "मला सांगून काय उपेग? त्या शेवंतीला सांगा. तिला आजून आठ वाटत आसतील."

सोमवारी मधल्या सुट्टीत मी वृषालीला फोन लावला. ती मनमाडला आमच्यासारख्याच एका कॉलेजात शिकवते, त्याच संस्थेत वर चढली. माझा आवाज ऐकून इतकी आनंदली की मला बोलूच देईना. "मॅडम, तुम्हाला सांगायचंच होतं. आम्हीपण सुरू केलंय! प्रकाशदादा म्हणून आहेत, मतिमंद आहेत, शालनताईंसारखे, दर शनिवारी मुलींचा तास घेतात. मार्कपण देतात, हिरव्या पेनानं ठिपके काढून. इतके मन लावून काढतात, बघण्यासारखं आहे! सगळे किती कौतुक करतात."

"वृषाली," मी म्हटलं, "तुला दोन होते."

फोनवर काही क्षण गाडीची घोषणा ऐकू आली, तिच्या कॉलेजमागे स्टेशन असावं.

"हो मॅडम. माहितीये. शालनताईंनी तेव्हाच जिन्यात गाठून सांगितलं होतं. 'तुला दोन दिलेत, तू सुमनला बोलू दिलं नाय.'"

"मग निकालात आठ दिसल्यावर काही बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तसंच करायचं असतं." ती अगदी मोकळेपणानं बोलत होती. "म्हणजे त्यांना मार्क द्यायला लावायचे, त्यांनाही बरं वाटतं, आणि मग आपण बघून घ्यायचं. मीपण घेते ना प्रकाशदादांचे बघून. फारच कमी असले की चार-दोन ठिपके वाढवते. तुमच्याकडूनच शिकले, मॅडम."

मी फोन ठेवला. स्टाफरूममध्ये कुणीतरी द्राक्षं धुऊन ठेवली होती, सगळे खात होते, घ्या ना मॅडम, ह्या वर्षी गोड आहेत. मी एक तोंडात टाकलं. गोड होतं.

मंगळवार, बुधवार मी कसे काढले ते विचारू नका. शालनला काय सांगायचं? अर्धं सांगावं? वृषालीला आधीच माहीत होतं एवढंच सांगावं आणि पुढचं गिळून टाकावं? अळीमिळी गुपचिळी, कोणाला कळणारे? असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. आज गुरुवार. तिसऱ्या तासाच्या आधी शालन व्हरांड्यात आली, मेथीची पिशवी खांद्याला, आणि समोर येऊन पहिलं तेच विचारलं, "काय म्हनली?"

मी सगळं सांगितलं. प्रकाशचं, ठिपक्यांचं, तुमच्याकडूनच शिकले म्हणाली तेही. शब्द गाळला नाही. वर्गातून मुली वाकून बघत होत्या, घंटा होऊन गेली होती. शालन खांबाला टेकून उभी राहिली, ओठ हलत होते. मी थांबले. मला वाटलं आता ती मला काय म्हणेल, आणि काहीही म्हणाली तरी मी ऐकून घेणार होते.

"त्या परकाशला ठावं हाय का?"

"नाही."

तिनं खांद्यावरची पिशवी काढली, दारातल्या मुलीच्या हातात दिली आणि म्हणाली, आज तुमी तुमच्याच बांधा. मग पदर खोचला आणि माझ्याकडे वळली.

"ताई, मनमाडची गाडी कितीला हाय?"